रॅटलस्नेक : टेक्ससची जत्रा, पेट्रोल आणि म्हाताऱ्या माद्या

पवनचक्की

मंडळी, मार्च जवळ आला की आमच्याकडे हॉटेलात खोली मिळणं मुश्किल होतं. आमच्याकडे म्हणजे पश्चिम टेक्ससात, नोलन काउंटीत. मी इथे पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. पूर्वी हेच काम साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर करायचो. तिथे घोणस आणि फुरसं दोघांशी ओळख झाली होती, त्यामुळे सापांचं मला फारसं वावडं नाही. इथून जवळच स्वीटवॉटर नावाचं दहा-अकरा हजार वस्तीचं गाव आहे. मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास तिथे 'रॅटलस्नेक राउंडअप' (शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप धरून आणायची जत्रा) भरतो आणि वस्तीच्या दुप्पट माणूस गावात लोटतं. १९५८ पासून हे चालू आहे. गुरांना साप चावतात म्हणून रँचवाल्यांनी मोहीम काढली, पुढे तिची जत्रा झाली.

शिकारी पिंपं भरभरून वेस्टर्न डायमंडबॅक जातीचे रॅटलस्नेक आणतात आणि ते पौंडावर विकत घेतले जातात. २०१६ साली आवक २४ हजार पौंडांच्या वर गेली, म्हणजे जवळजवळ ११ टन. एक साप दीड किलोचा धरा आणि साप किती झाले ते तुम्हीच काढा. कोलिझियमच्या, म्हणजे जत्रेच्या मोठ्या सभागृहाच्या, आत वेगवेगळे हौद केलेले असतात. एकात वजनमाप, एकात विष काढणं, एकात कातडं सोलणं. बाहेर तळलेला साप मिळतो. 'मिस स्नेक चार्मर' नावाची सौंदर्यस्पर्धाही असते.

सोलण्याच्या हौदाशी मी बराच वेळ उभा होतो. ओंडक्यावर मुंडकं तोडतात, धड टांगतात, पोट चिरतात. मुंडकं गेलेलं धड पीळ घेतच राहतं, आणि काढून बाजूला ठेवलेलं हृदय कितीतरी वेळ उडत असतं. पैसे भरले की कुणालाही साप सोलता येतो. शाळकरी पोरं सोलून झाल्यावर रक्ताळलेला पंजा मागच्या पांढऱ्या फळीवर उमटवतात आणि शेजारी नाव लिहितात. संध्याकाळपर्यंत फळीवर जागा उरत नाही.

रक्तामांसाचा मला तिटकारा नाही, आमच्याकडे आखाड दणक्यात होतो. माझा आक्षेप साप कसे गोळा करतात त्याला आहे. थंडीत हे साप चुनखडीच्या कपारींत एकत्र दडून बसतात. शिकारी कपारीत लांब तांब्याची नळी सारतात आणि फवारणीच्या पंपाने आत पेट्रोलची वाफ सोडतात. गुदमरलेला साप बाहेर येतो, तो चिमट्याने उचलायचा. जे बाहेर येत नाहीत ते आतच. कपारीत नुसते रॅटलस्नेक थोडेच असतात? बेडूक, सरडे, दुसरे बिनविषारी साप, आणि चुनखडीच्या गुहांतच सापडणारे किडे-कोळी, सगळ्यांच्या नाकातोंडात पेट्रोल. ही पद्धत बंद करावी असा प्रस्ताव टेक्ससच्या वन्यजीव खात्यापुढे आला होता. काही वर्षं चर्चा झाली, आणि २०१६ साली खात्याच्या आयोगाने तो बासनात गुंडाळला.

'आम्ही विष गोळा करतो, त्यातून औषध होतं' असं जत्रेत हमखास ऐकायला मिळतं. कुठल्या भागातला साप, किती दिवस पिंपात होता, निरोगी होता का, याची नोंदच नसेल तर प्रतिविष बनवणारी कंपनी अशा विषाचं करणार काय?

डायमंडबॅक लगेच नामशेष होतोय असं मी म्हणत नाही. ही जात टेक्सस-ॲरिझोनात अजून भरपूर आहे. पण तीसहून जास्त जातींचं हे कुळ फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आहे, कॅनडाच्या दक्षिणेपासून अर्जेंटिनापर्यंत, आणि त्यातल्या बऱ्याच जातींची परिस्थिती वाईट आहे. इथे आपली बरीच माणसं अशी आहेत ज्यांच्या अंगणात, ट्रेलवर रॅटलस्नेक निघतात. तुमचे अनुभव सांगा. कुणाला माहिती असेल तर भर घाला.

---

ठोंब्या

लेख बरा आहे, पण मला एक सांगा. भारतात सापाने वर्षाला पन्नास हजारांच्या वर माणसं मरतात. आणि आपण टेक्ससमधल्या सापांसाठी अश्रू ढाळायचे? विषारी जनावर कमी झालं तर बिघडलं काय? मी तर म्हणतो, दोन पिंपं जास्त भरा.

---

निमा

बाप रे, ते हृदयाचं वाचून जेवण बाजूला ठेवलं.

भाबडा प्रश्न : खुळखुळ्यात जितकी कडी तितकी वर्षं वय, हे खरं का? आणि पिल्लाचं विष मोठ्यापेक्षा जहाल असतं म्हणतात, तेही?

---

भटक्याभाऊ

निमाताई, दोन्ही चूक. साप कात टाकतो तेव्हा एक कडं वाढतं. वर्षातून दोन-तीनदाही कात टाकतो, आणि टोकाची कडी तुटून पडतात, त्यामुळे वय कळत नाही. खुळखुळा आपल्या नखासारख्याच केराटिनचा. आत खडे वगैरे काही नसतात, कडी एकमेकांवर घासून-आपटून आवाज होतो. शेपटीचे स्नायू सेकंदाला पन्नासच्या वर वेळा हलतात. पिल्लाकडे विषच कमी असतं, त्यामुळे मोठ्या सापाचा दंश जास्त धोक्याचा.

आवाजाबद्दल २०२१ मध्ये एक सुंदर संशोधन आलं. आपण लांब असताना साप हळू वाजवतो आणि जवळ जाऊ तसा वेग वाढवत नेतो. मग एका ठराविक अंतरावर एकदम उसळी मारून वेग दीडपट-दुप्पट करतो. ऐकणाऱ्याला वाटतं साप आहे त्यापेक्षा जवळ आला, आणि तो मागे सरतो. म्हणजे सापाने स्वतःभोवती मोकळी जागा राखून घेतली, तीही विषाचा थेंब न सांडता. विष बनवायला त्याला दिवस लागतात, ते उंदरासाठी ठेवायचं असतं.

ठोंब्या, तुमच्यासाठी उत्तर सावकाश लिहितो, ऑफिसातून बाहेर पडू दे.

---

वैद्यबुवा

ठोंब्याशेठ, आकडा बरोबर, पण जोडलात चुकीच्या जागी. भारतातले मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यामुळे होतात. शेतात अनवाणी काम, जमिनीवर झोपणं आणि दवाखाना लांब, ही त्याची कारणं. अमेरिकेत विषारी सापांचे दंश वर्षाला सात-आठ हजार, मृत्यू साधारण पाच. आणि मी आणीबाणी विभागात काम करतो म्हणून सांगतो, हातावर दंश घेऊन येणारे बरेच जण सापाला उचलायला, मारायला किंवा मित्रांना दाखवायला गेलेले असतात. मुंडकं तोडल्यावरही साप चावतो. २०१८ साली टेक्ससमध्ये एकाने अंगणातल्या सापाचं मुंडकं छाटलं, ते उचलायला वाकला आणि त्याच मुंडक्याने त्याला डसलं. प्रतिविषाच्या २६ कुप्या लागल्या.

कुपीची किंमत ऐकायची आहे? इथे रुग्णालय एका कुपीचे काही हजार डॉलर लावतं. भारतात तीच वस्तू काही शे रुपयांत, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. औषध वेगळं आहे हे मान्य, इथे मेंढीच्या किंवा घोड्याच्या रक्तातून प्रतिपिंडं काढून शुद्ध करतात, पण फरक तेवढ्याने पडत नाही. माझ्या एका परिचितांना घोट्याला दंश झाला होता. पाय पूर्ण बरा झाला, बिल पाहून मात्र रक्तदाब वाढला. रुग्णालयाचं नाव विचारू नका.

आता दुसरी बाजू. अँजिओप्लास्टीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून 'एप्टिफिबाटाइड' नावाचं औषध देतात. ते पिग्मी रॅटलस्नेकच्या विषातल्या प्रथिनावरून बेतलेलं आहे. त्याच गटातलं 'टिरोफिबॅन' कशावरून बेतलं? आपल्या फुरशाच्या विषावरून! दोन्ही औषधं १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. धाग्यावरच्या काकालोकांपैकी ज्यांना स्टेंट आहे त्यांनी आपला जुना कागद काढून बघावा. एखाद्याला सापाचे आभार मानावे लागतील.

---

राजापूरकर

फुरशाचा विषय निघाला म्हणून, थोडं अवांतर. रत्नागिरी जिल्ह्यात ब्रिटिश सरकारने फुरशावर इनाम लावलं होतं. एकोणिसाव्या शतकात लोकांनी लाखांच्या घरात फुरशी मारून कचेरीत जमा केली. मेलेला साप मोजायचा आणि पैसे द्यायचे. आता कातळावर पावसाळ्यात चालून बघा, दगड उचलला की फुरसं आहेच. म्हणजे इनामाचा पैसा गेला, फुरसं आहे तिथेच आहे.

यावरून ठोंब्या म्हणतील, 'बघा, एवढे मारूनही संपले नाहीत, मग रॅटलस्नेक कसे संपतील?' जाणकारांनी सांगावं.

---

ठोंब्या

माझा प्रश्न तुम्हीच विचारलात राजापूरकर, आभार. 😄

---

भटक्याभाऊ

घरी पोचलो. आता बैजवार.

राजापूरकरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे सापाच्या संसारात. फुरसं लवकर वयात येतं, वेत काढत राहतं आणि एका दगडाखाली एक असं विखुरलेलं असतं. मी राहतो पेनसिल्व्हेनियात, आमच्याकडे टिंबर रॅटलस्नेक. इथली मादी वयात यायला सात ते दहा वर्षं घेते. त्यानंतरही दर तीन-चार वर्षांनी एकदाच विते आणि एका खेपेला सहा ते दहा पिल्लं. त्यातली बहुतेक पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच जातात. म्हणजे एका मादीला आपल्यामागे एकदोन माद्या मोठ्या झालेल्या बघायच्या तर तिला वीस-पंचवीस वर्षं जगावं लागतं. जगतातही तेवढं, कुणी मारलं नाही तर. पिढी चालते ती या म्हाताऱ्या माद्यांच्या जिवावर.

दुसरं, हे साप सगळे मिळून एका ठराविक कपारीत शीतनिद्रा घेतात. पिढ्यानपिढ्या तीच कपार. पिल्लं आईच्या आणि इतरांच्या वासाच्या मागावर तिथे पोचतात. त्यामुळे एखाद्याला ती जागा कळली की एका ऑक्टोबरात डोंगराचा अख्खा वंश पोत्यात भरता येतो. इनामाच्या काळात असंच झालं. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये १९७१ पर्यंत टिंबरच्या शेपटीवर इनाम मिळत होतं. मिनेसोटात तर १९८९ पर्यंत, आणि सात वर्षांनी, १९९६ साली, त्याच मिनेसोटाने त्याला संकटग्रस्त यादीत घातलं. मेन, ऱ्होड आयलंड, कॅनडातला ऑन्टारिओ, इथून टिंबर संपला. न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या राज्यात मिळून एक वसाहत उरली आहे.

आणि वाईटात वाईट भाग : सगळ्यात सहज मारल्या जातात त्या पोटुशा माद्याच. पिल्लं अंडी फोडून बाहेर येत नाहीत, आईच्या पोटातच वाढून जिवंत जन्मतात. पोटातल्या पिल्लांना ऊब लागते म्हणून त्या माद्या झाडी सोडून उघड्या कातळावर येऊन पडतात. त्या उन्हाळ्यात जवळजवळ काही खात नाहीत. ट्रेलवरून जाणाऱ्याला नर दिसत नाही, तो जंगलात ओंडक्याला हनुवटी टेकून उंदराची वाट बघत असतो. दिसते ती ही.

अशा एका कातळावर मी दुर्बीण लावून बसलो होतो. जागा सांगणार नाही, फोटोही टाकणार नाही, कारण फोटोतल्या जीपीएसवरून चोर पोचतात. दोन माद्या, एक काळसर आणि एक पिवळी, एकमेकींच्या अंगावर वेटोळं टाकून. भोवती बोटभर जाडीची पिल्लं. त्यांच्या शेपटीला फक्त एक बटण असतं, वाजत नाही. एक पिल्लू आईच्या डोक्यावर चढून बसलं, ते घसरलं, परत चढलं. वरून बहिरी ससाण्याची सावली गेली तशी सगळी पिल्लं आईच्या वेटोळ्याखाली. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, आई पिल्लांजवळच राहते. ज्यांना घरबसल्या बघायचं असेल त्यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाच्या एमिली टेलर यांच्या चमूचा 'प्रोजेक्ट रॅटलकॅम' बघा. कोलोरॅडोतल्या एका प्रचंड वसाहतीवर कॅमेरा लावलाय. पाऊस पडला की साप अंग चपटं करून पाणी साठवतात आणि एकमेकांच्या पाठीवरचं पाणी पितात, तेही त्यावर दिसतं.

---

पवनचक्की

भटक्याभाऊ, मला जे सांगायचं होतं आणि नीट जमलं नव्हतं ते हेच. शीर्षकात म्हाताऱ्या माद्या लिहिलं आणि धाग्यात त्या राहूनच गेल्या.

---

गोचीडग्रस्त

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मेरीलँडमध्ये राहतो, लाइम (गोचीड चावून होणारा आजार) झालेला आहे, सांधे अजून धरतात. इथल्याच मेरीलँड विद्यापीठात एडवर्ड काबे यांनी काम केलं होतं, ते २०१३ मध्ये अमेरिकेतल्या परिसंस्था-शास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलं गेलं. टिंबर रॅटलस्नेक जे उंदीर खातो त्या उंदरांच्या अंगावरच्या गोचिड्याही त्याच्या पोटात जातात. अंदाज असा की एक साप वर्षाला अडीच ते साडेचार हजार गोचिड्या जंगलातून कमी करतो. हा हिशेबाने काढलेला अंदाज आहे, जंगलात बसून कुणी मोजल्या नाहीत, आणि साप आणले की लाइम गेला असं सरळ समीकरणही नाही. पण पांढऱ्या पायांचा उंदीर हाच लाइमच्या जंतूंचं मुख्य घर आहे, आणि तो उंदीर खाणारं जनावर मला तरी शेजारी चालेल.

---

ठोंब्या

उंदीर घुबडही खातं, कोल्हाही खातो. साप कशाला हवा?

---

भटक्याभाऊ

घुबड बिळात शिरत नाही. कोल्ह्याला रोज खावं लागतं, त्यामुळे उंदीर कमी झाले की तो दुसरीकडे जातो. साप महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे उंदरांचं पीक यायच्या आधीपासून तो तिथे असतो. शिवाय तो स्वतः ससाण्याचं, गरुडाचं, रोडरनर या पक्ष्याचं आणि किंगस्नेक या दुसऱ्या सापाचं खाणं आहे. किंगस्नेकवर रॅटलस्नेकच्या विषाचा परिणामच होत नाही, आख्खा गिळतो.

आणखी एक गंमत. वाळवंटातले काही उंदीर गालाच्या पिशव्यांत बिया भरून नेतात. रॅटलस्नेक उंदीर गिळतो तेव्हा बियाही पोटात जातात, आणि त्या पचत नाहीत. २०१८ मधल्या एका अभ्यासात सापांच्या आतड्यात बिया सापडल्या, काही तर तिथेच अंकुरलेल्या. उंदराचं बीळ सोडून बी कितीतरी लांब जाऊन पडलं.

---

मेघना_फीनिक्स

मी ॲरिझोनात, जिथे १३ जातींचे रॅटलस्नेक आहेत. नकाशात आमची कॉलनी वाळवंटाच्या कडेला दिसते, खरं तर ती वाळवंटातच आहे. गेल्या उन्हाळ्यात एसीच्या बाहेरच्या युनिटखाली एक डायमंडबॅक सापडला. सासूबाई कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. आधी त्यांना वाटलं की तेलात मोहरी तडतडतेय, आणि गॅस तर बंद होता! त्या तशाच मागे सरकल्या, साप तिथेच. कुणाला काही झालं नाही.

आम्ही साप हलवणाऱ्यांना बोलावलं. मी म्हटलं, लांब डोंगरात सोडा हो. तो मुलगा म्हणाला, लांब सोडला तर बहुतेक मरतो, इथेच भिंतीपलीकडच्या ओढ्यात सोडतो. मला ते पटलं नव्हतं, पण इथलं वाचून वाटतं त्याला काही माहिती असावी. कुणी सांगेल का? आमच्या सोसायटीचा आग्रह आहे की किमान वीस मैल लांब नेलाच पाहिजे.

---

शिराळकर

मेघनाताई, साप हलवणारा तो मुलगा बरोबर बोलला. मी सांगली जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून काम करतो. आमच्याकडेही हीच चूक चालते. गावातला नाग धरायचा आणि चांदोलीकडे नेऊन सोडायचा. लोक टाळ्या वाजवतात. सापाला तिथलं बीळ माहीत नाही, पाणी माहीत नाही, तो नुसता फिरत राहतो. रस्त्यावर येतो, नाहीतर मुंगसाच्या तावडीत सापडतो.

---

भटक्याभाऊ

शिराळकरदादा म्हणतात त्याला आकडे आहेत. पेनसिल्व्हेनियात रायनर्ट आणि रूपर्ट यांनी टिंबर रॅटलस्नेकना ट्रान्समीटर बसवून अभ्यास केला होता, १९९९ मध्ये छापला. परक्या जागी नेऊन सोडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले. तिथल्याच रहिवासी सापांपैकी नऊत एक. परके साप वेड्यासारखे लांब लांब भटकत होते आणि थंडीला कपार सापडत नव्हती. म्हणून आता शक्यतो त्याच्याच वावराच्या हद्दीत सोडतात.

मेघना, सोसायटीला सांगायचं असेल तर हे सांगा : साप गेला तरी जागा रिकामी राहत नाही. तो एसीखाली आला तो सावली आणि उंदरासाठी. पक्ष्यांना घातलेले दाणे, गळका नळ, लाकडाचा ढीग आणि फाटकाखालची फट, या चार गोष्टी आवरा. उंदरांना विष घालू नका, विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मरतात. आणि चिकट सापळे तर अजिबातच नको, त्यात साप अडकून दिवसचे दिवस तडफडतो.

---

शास्त्री_बोस्टन

लोकांच्या भीतीवरून आठवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये टिंबर रॅटलस्नेक दोनशेच्या आसपास उरले आहेत. २०१६ साली राज्याने ठरवलं की क्वॉबिन जलाशयातल्या माउंट झायन या बेटावर थोडे वाढवलेले साप सोडायचे. बेटावर लोकांना जायला बंदीच आहे, म्हणजे माणसाशी गाठ पडायचा प्रश्न नाही. प्रॉव्हिडन्सच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवायला सुरुवातही झाली होती. पण बातमी फुटली आणि गावोगावच्या सभांत नुसता कल्लोळ. 'साप पोहून येतील', 'मुलांना जंगलात पाठवायचं कसं', 'पिण्याच्या पाण्यात विष'. २०१७ मध्ये योजना गुंडाळली.

साप पोहतात, हे खरं. पण ज्या लोकांना ते पोहून येण्याची भीती होती त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागच्या टेकडीवर ते शतकानुशतकं होते आणि याच लोकांच्या पणजोबांनी संपवले. गंमत म्हणजे हाच साप अमेरिकन क्रांतीच्या वेळी पिवळ्या झेंड्यावर 'मला तुडवू नका' म्हणत बसला होता. बेंजामिन फ्रँकलिनने १७७५ मध्ये टोपणनावाने लिहिलं होतं की हा प्राणी आपणहून हल्ला करत नाही, इशारा देतो, आणि भिडल्यावर माघार घेत नाही, म्हणून अमेरिकेला शोभतो. आजही ट्रकांच्या पाठीवर तो झेंडा दिसतो. ट्रकवाल्याला चालतो तो झेंड्यावरच.

उरलेल्या सापांना आता बुरशी खाते आहे. न्यू हॅम्पशायरच्या त्या एकुलत्या एका वसाहतीत २००६ च्या सुमारास तोंडावर आणि अंगावर फोड आलेले साप सापडले आणि वसाहत निम्म्यावर आली. साप मोजकेच उरल्याने आपसांत नाती लागून रक्तही कमकुवत झालेलं. इलिनॉयमधल्या मॅसासॉगा या लहान रॅटलस्नेकमध्येही २००८ मध्ये तसलीच बुरशी सापडली. पूर्वेकडचा मॅसासॉगा २०१६ पासून केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहे. ओलसर गवताळ जमिनी नांगरल्या गेल्या हे त्याचं मूळ कारण, बुरशी नंतर आली.

---

पवनचक्की

जमिनीचा मुद्दा निघाला म्हणून दक्षिणेचं सांगतो. जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा हा ईस्टर्न डायमंडबॅकचा मुलूख. रॅटलस्नेकमध्ये सगळ्यात मोठा हाच. तो लाँगलीफ पाइनच्या मोकळ्या, अधूनमधून वणवा लागणाऱ्या जंगलात राहतो. हे जंगल एके काळी नऊ कोटी एकर होतं, पुढे त्यातलं जेमतेम तीन-चार टक्के उरलं होतं. थंडीत हा साप गोफर कासवाच्या बिळात शिरतो. या कासवाच्या बिळांचा आसरा ३५० हून जास्त जातींचे जीव घेतात. आता त्या बिळात पेट्रोल ओतल्यावर काय होत असेल ते सांगायला नको. तिथल्या जत्रांसाठी हेच चालायचं.

पण यातली एक जत्रा सुधारली, आणि मला तिचं जास्त कौतुक आहे. जॉर्जियात क्लॅक्स्टन नावाच्या गावाने २०१२ पासून साप मारणं बंद केलं आणि राउंडअपचा वन्यजीव महोत्सव केला. मिरवणूक तीच, दुकानं तीच, खाणं-पिणं तेच, साप मात्र पिंजऱ्यात माहितीसाठी ठेवलेले. त्यानंतर दहाएक वर्षांनी त्याच राज्यातल्या व्हिगॅम गावानेही तेच केलं. म्हणजे गावाचा धंदा बुडेल हे टेक्ससवाल्यांचं म्हणणं अगदीच खरं नाही.

---

शिराळकर

आमच्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग धरून मिरवायची प्रथा होती. हायकोर्टाच्या आदेशाने ती थांबली. पहिली काही वर्षं गावात फार कडवटपणा होता, अजूनही तो विषय निघतो. आमच्यात आणि स्वीटवॉटरात फरक आहे, आमच्याकडे नाग मारत नव्हते, पूजा करून सोडून देत. पण मडक्यात कोंडलेल्या नागाचं काय होतं हे मी जवळून पाहिलंय. तोंडाला जखमा होतात, भूक मरते. सोडला म्हणजे जगला असं होत नाही. कोर्टाने बंद केलं म्हणून चिडलेला माणूस अजून चिडलेलाच आहे. क्लॅक्स्टनवाल्यांनी आपणहून केलं असेल तर ते जास्त टिकेल असं वाटतं.

---

पवनचक्की

अगदी आपणहून नाही हो. निसर्गसंस्थांनी वर्षानुवर्षं मागे लागून करवून घेतलं, आणि ज्या गावांना साप मिळेनासे झाले त्यांना ते लवकर पटलं. स्वीटवॉटरला अजून मिळतात, तिथेच घोडं अडलंय. मी कामावरच्या टेक्सन सहकाऱ्यांशी याबद्दल बोलतो. त्यांतला एक रँचवाला आहे. जत्रा बंद करा म्हटलं की तो खवळतो. पेट्रोल बंद करा म्हटलं की म्हणतो, 'पेट्रोल मलाही आवडत नाही, माझ्या विहिरीचं पाणी त्याच चुनखडीतून येतं.' मला वाटतं बोलायला जागा आहे ती इथे.

---

ठोंब्या

बरं बाबांनो, पेट्रोल बंद करा, याला माझी ना नाही. पण सासूबाईंच्या जागी मी असतो तर फावडंच घेतलं असतं.

एक शेवटचं विचारतो. वाजवणारे साप माणूस मारतो, न वाजवणारे वाचतात, त्यामुळे आता मुकी रॅटलस्नेक पैदा होतायत असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं?

---

वैद्यबुवा

फावडं घ्याल तर माझ्याकडे याल. 😄 तेव्हा आधीच सांगून ठेवतो : अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय शांत ठेवा, गाडीत बसा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, करकचून दोरी नाही. साप पकडून आणायचा नाही, आम्हाला त्याची गरज नसते.

मुक्या सापांचं भटक्याभाऊ सांगतील.

---

भटक्याभाऊ

त्याला ठोस पुरावा नाही. बहुतेक रॅटलस्नेक आधीपासूनच गप्प बसण्यात हुशार. तुम्ही ट्रेलवर ज्यांच्या शेजारून गेलात आणि ज्यांनी वाजवलं नाही असे कितीतरी असतील. खुळखुळा गमावलेली एक जात मात्र खरोखर आहे, मेक्सिकोतल्या सांता कॅटालिना बेटावरची. तिथे माणसाचा संबंध नव्हता, बेटावर त्याला तुडवणारं मोठं जनावरच नव्हतं. पुढे माणसाने मांजरं नेली आणि ती जात अतिसंकटग्रस्त झाली. मांजरं आता हटवली आहेत.

---

निमा

मी शिकागोत असते. मुलगा दहा वर्षांचा आहे, हे सगळं त्याला वाचून दाखवलं, आता त्याला साप बघायचाच आहे. प्राणिसंग्रहालयातला नको म्हणतो. सुरक्षित अशी एखादी जागा आहे का?

---

भटक्याभाऊ

आहे की, तुमच्याच राज्यात. दक्षिण इलिनॉयमध्ये शॉनी राष्ट्रीय वनात लारू रोड आहे, सगळे त्याला स्नेक रोडच म्हणतात. एका बाजूला चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला दलदल. साप थंडीला कड्यात आणि उन्हाळ्याला दलदलीत जातात, आणि मध्ये हा अडीच मैलांचा रस्ता. ते गाडीखाली येऊ नयेत म्हणून १९७२ पासून वर्षातून दोनदा तो वाहनांना बंद ठेवतात : १५ मार्च ते १५ मे, आणि १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर. चालत जायला मुभा आहे. जास्त दिसतील ते पाण्यातले कॉटनमाउथ, तेही विषारी. टिंबर रॅटलस्नेक नशिबात असला तर. साप पकडायला, हाताळायला बंदी आहे.

शिकागोहून गाडीने सहा तास धरा, त्यामुळे आदल्या रात्री जवळपास मुक्काम करा. ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा, ऊन पडलेली दुपार निवडा. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, रस्त्याच्या मधून चालायचं, आणि पोराच्या हातात काठी देऊ नका.